हत्ती गेला, शेपूट राहिलं : यशाची भीती कशी ओळखायची?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा : "माझ्या प्रबंधाची पाच प्रकरणं लिहून झाली आहेत. सहावं, शेवटचं, दोन वर्षं अर्धवट पडलं आहे. मार्गदर्शक म्हणाले होते, 'उत्तम झालंय, पुढच्या महिन्यात सादर करू.' त्यानंतर मी फाइल जवळजवळ उघडलेलीच नाही. याआधी बढतीच्या मुलाखतीच्या दिवशी मला ताप आला होता आणि एक शिष्यवृत्ती अर्जाची तारीख 'विसरल्यामुळे' गेली होती. घरचे म्हणतात, आळस. (आमच्या ताईचाही प्रबंध असाच राहून गेला, त्यामुळे त्यांना वाटतं हे घराण्यातच आहे.) यशाची भीती असं खरंच काही असतं का, की आळसाला दिलेलं गोंडस नाव? असेल तर ती जाते कशी?"

आधी आळसाचं निकालात काढू. आळशी माणसाची पाच प्रकरणं लिहून होत नाहीत. आळस पहिल्या पानावर बसतो, पाचव्या प्रकरणापर्यंत तुमच्यासोबत चालत येत नाही. तुमचं घोडं पेंड खातंय ते अगदी शेवटाला, आणि तेही तिन्ही वेळा. हा योगायोग नसावा.

पण लगेच 'यशाची भीती' अशी चिठ्ठी कपाळावर चिकटवून घेऊ नका. मी १९ वर्षं समुपदेशन करते आहे आणि हे नाव स्वतःच घेऊन येणाऱ्या बऱ्याच जणांचं दुखणं वेगळंच निघालेलं पाहिलं आहे. हा काही आजार नाही. मानसिक विकारांच्या अधिकृत वर्गीकरणात या नावाचं निदान सापडणार नाही. वागण्याच्या एका तऱ्हेला दिलेलं हे नाव आहे, एवढंच. कुणाला खरं तर अपयशाची भीती असते. कुणी इतकं दमलेलं असतं की शेवटचं पाऊल टाकायला त्राणच उरत नाही. कुणाला नैराश्य असतं आणि तिथे प्रबंधच काय, केस विंचरणंही जड जातं. आणि काहींना ते यश मुळात नकोच असतं, ते दुसऱ्या कुणाला तरी हवं असतं.

ही शेवटची गोष्ट फार वेळा नजरेतून सुटते. ग्रिगोरी पेरेलमान या रशियन गणितज्ञाने २००६ साली फील्ड्स पदक हा गणितातला मोठा सन्मान नाकारला आणि २०१० मध्ये पॉइनकारे अनुमान या जुन्या गणिती कोड्याच्या सिद्धतेसाठी जाहीर झालेलं दहा लाख डॉलरचं पारितोषिकही घेतलं नाही. याला कुणी यशाची भीती म्हणालं तर मी मान्य करणार नाही. सिद्धता त्यांनी पुरी करून जगासमोर मांडली होती. नाकारलं ते तिच्यामागून येणारं सगळं. काम पुरं करून मानमरातब नाकारणारा आणि मानमरातब येऊ नये म्हणून काम पुरंच न करणारा, या दोघांत फार अंतर आहे. हा फरक पुढे आपल्याला लागणार आहे.

मग ओळखायचं कसं? माझी आवडती कसोटी साधी आहे. कागद घ्या, अर्धवट राहिलेली शेवटची तीन कामं लिहा आणि प्रत्येकासमोर एकच गोष्ट नोंदवा : थांबण्याच्या अगदी आधी कोणती बातमी आली होती? अपयशाला भिणारा माणूस वाईट बातमीनंतर थांबतो. कुणी चूक काढली, कुणी नाक मुरडलं, की त्याचा हात आखडतो. शाबासकी मिळाली की तो मोकळा होतो. यशाला भिणाऱ्याचं उलटं. टीका झाली तर तो बाह्या सरसावून कामाला लागतो, कारण टीका म्हणजे मुक्काम अजून लांब आहे. त्याचा श्वास अडकतो तो 'उत्तम झालंय' ऐकल्यावर. तुमच्याच पत्रात बघा : मार्गदर्शकांनी चुका काढल्या म्हणून तुम्ही थांबला नाहीत. 'पुढच्या महिन्यात सादर करू' म्हटल्यावर थांबलात.

बाकीच्या खुणा पटकन सांगते. शेवट जवळ आला की भलतंच काम निकडीचं वाटू लागणं : कपाट आवरणं, नवा अभ्यासक्रम, कुणाची तरी मदत. महत्त्वाच्या दिवसाच्या आदल्या रात्री घरात भांडण. सगळं झाल्यावर एका तळटीपेवरून महिनाभर अडून बसणं आणि त्याला काटेकोरपणा म्हणणं. कौतुक झालं की 'छे, नशीब हो' म्हणून ते झटकून टाकणं. यातली एखादी गोष्ट प्रत्येकात असते. त्यावरून काही ठरत नाही. तीच गोष्ट दर वेळी त्याच ठिकाणी येत असेल, तर मात्र पाणी मुरतंय.

आता यामागे काय असतं ते. 'दैव देतं आणि कर्म नेतं' असं आपण म्हणतो खरं, पण कर्म ते का नेतं हे मानसशास्त्राने बऱ्याच उशिरा विचारलं. १९१६ साली फ्रॉइडने यश मिळताच कोसळणाऱ्या माणसांवर लिहिलं. त्यातला एक माणूस विद्यापीठात शिकवणारा. आपल्या गुरूच्या जागी आपण यावं ही इच्छा त्याने वर्षानुवर्षं बाळगली होती. गुरू निवृत्त झाले, सहकाऱ्यांनी याचंच नाव पुढे केलं, आणि हा म्हणू लागला की मी त्या जागेच्या लायकीचा नाही. पुढची काही वर्षं त्याने खोल उदासीत काढली. फ्रॉइडने याचा उलगडा अपराधभावातून केला. त्याचा सगळा सिद्धान्त मला पटत नाही, पण गुरूची खुर्ची ही गोष्ट मला माझ्या खोलीत पुन्हा पुन्हा भेटली आहे.

'यशाची भीती' हा शब्दप्रयोग संशोधनात रुळला तो मॅटिना हॉर्नर यांच्यामुळे. १९६८ साली मिशिगन विद्यापीठातल्या प्रबंधासाठी त्यांनी विद्यार्थ्यांना एक वाक्य देऊन गोष्ट पुरी करायला सांगितली. मुलींना दिलेलं वाक्य होतं : पहिल्या सत्राच्या परीक्षेनंतर ॲन वैद्यकीय महाविद्यालयातल्या आपल्या वर्गात पहिली आली आहे. मुलग्यांच्या वाक्यात ॲनच्या जागी जॉन. ९० मुलींपैकी सुमारे ६५ टक्क्यांनी ॲनच्या पुढ्यात काहीतरी वाईट वाढून ठेवलं : मैत्रिणी तुटल्या, लग्न जमेना, ती स्वतःवरच शंका घेऊ लागली. ८८ मुलग्यांत हे प्रमाण १० टक्क्यांहून कमी. झालं, बायकांना यशाची भीती असते असा डंका पिटला गेला. मग १९७४ मध्ये मोनाहन, कुन आणि शेव्हर या संशोधकांनी मुलग्यांनाही ॲनची गोष्ट लिहायला दिली, आणि त्यांनीही ॲनचं वाटोळंच केलं.

या दुसऱ्या निष्कर्षाने मला जेवढं शिकवलं तेवढं पहिल्याने नाही. भीती त्या मुलींच्या 'आत' होती असं म्हणून चालणार नाही. पहिली येणाऱ्या मुलीला त्या काळी काय मोजावं लागतं हे मुलींनाही दिसत होतं आणि मुलग्यांनाही. गोष्टी लिहिणाऱ्यांनी जगाचा हिशेब बऱ्यापैकी बरोबर वाचला होता.

माझं म्हणणं इथेच आहे. यशाला कुणी भीत नाही. माणूस भितो ते यशाबरोबर येणाऱ्या बिलाला. ते बिल कधी खरं असतं, कधी फुगवलेलं, कधी वीस वर्षांपूर्वीचं आणि आता लागूच नसलेलं. पण कोरं फारसं नसतं. म्हणून 'घाबरू नकोस, तू करू शकतेस' हा सल्ला वाया जातो. तुम्ही करू शकता हे तुम्हाला माहीत आहे. अडचण नेमकी तीच आहे.

होम्स आणि राही यांनी १९६७ साली आयुष्यातल्या ४३ घटनांना ताणाचे गुण दिले. जोडीदाराच्या मृत्यूला १००. त्याच यादीत 'उल्लेखनीय वैयक्तिक यश' आहे, २८ गुणांचं. वरिष्ठांशी खटके उडण्याला २३. गुणांच्या या आकड्यांवर पुढे बरीच टीका झाली आणि ती रास्त आहे, पण सुखाचा बदलही शरीराला बदलच असतो ही त्यामागची गोष्ट खरी आहे.

बिलातली सगळ्यांत जड रक्कम बहुधा माणसांची असते. जूली एक्सलाइन आणि मार्सी लोबेल यांनी १९९९ मध्ये यावर लिहिलं : आपण कुणाच्या पुढे गेलो, आणि आपल्याशी तुलना करून त्या माणसाला दुखतंय असं जाणवलं, की पुढे गेलेल्यालाही त्रास होतो. तो यश लपवतो, स्वतःला कमी करून दाखवतो, किंवा पुढे जायचंच टाळतो. माझ्याकडे एक गृहस्थ आले होते (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). ज्यांनी बोट धरून काम शिकवलं त्या वरिष्ठांच्याच डोक्यावर यांची नेमणूक होणार होती. निर्णयाच्या आधीच्या तीन महिन्यांत यांच्या हातून अशा चुका झाल्या, ज्या नवशिक्यानेही केल्या नसत्या. त्यांना वाटत होतं, आपली स्मरणशक्ती जातेय. मी विचारलं, नेमणूक झाली तर पहिल्या दिवशी सकाळी तुम्ही त्यांना काय म्हणून हाक माराल? ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तोच तर प्रश्न आहे."

ते वरिष्ठांशी जाऊन बोलले. वरिष्ठांनी मिठी मारून आशीर्वाद दिला असं सांगायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. ते दुखावले आणि काही महिने तुटक वागले. पण गृहस्थांच्या कल्पनेत हे नातं कायमचं संपणार होतं. प्रत्यक्षात ते काही महिने थंड पडलं आणि मग वेगळ्या रूपात चालू राहिलं. बिल खरं होतं, रक्कम फुगलेली होती.

मी स्वतः यातून सुटले नाही. विभागाची जबाबदारी मला देऊ केली गेली तेव्हा मी पंधरा दिवस उत्तरच दिलं नाही. कारणं भरपूर सांगितली, सगळी पटण्याजोगी. खरं कारण एवढंच होतं की आम्ही चौघी मधल्या सुट्टीत एकत्र बसून वरिष्ठांच्या नावाने बोटं मोडायचो, आणि आता ती बोटं माझ्या नावाने मोडली जाणार होती. तसं झालंही.

दुसरी रक्कम उंचीची. एकदा वर गेलं की तिथेच राहावं लागेल, प्रत्येक पुढचं काम याच्याशी तोललं जाईल, 'बरं आहे' एवढं आता कुणाला चालणार नाही. तिसरी उघडं पडण्याची. पॉलीन क्लान्स आणि सुझान इम्स यांनी १९७८ साली अशा कर्तबगार स्त्रियांबद्दल लिहिलं, ज्यांना पदव्या आणि मान मिळूनही आपण सगळ्यांना फसवलं आहे आणि कधीतरी पकडले जाऊ असं वाटत होतं. त्याच वर्षी बर्गलास आणि जोन्स यांचा एक खट्याळ प्रयोग प्रसिद्ध झाला. काही जणांना सुटणारी कोडी दिली, काहींना न सुटणारी. आणि तुम्ही छान सोडवलीत असं दोघांनाही सांगितलं. मग दुसऱ्या फेरीआधी दोन औषधांतून निवड करायला लावली : एक बुद्धीला चालना देणारं, एक मंदावणारं. आपल्याला यश कशामुळे मिळालं हे ज्यांना कळलंच नव्हतं, त्यांच्यातल्या पुरुषांचा कल मंदावणाऱ्या औषधाकडे ठळकपणे गेला. पुढे अपयश आलं तर औषधावर ढकलता येईल ना! तुमच्या मुलाखतीच्या दिवशीचा ताप खोटा होता असं मी म्हणत नाही. पण त्या औषधाच्या गोळीचं काम त्याने केलं, एवढं खरं.

आता उपाय. आधी काय करू नये ते. आरशासमोर 'मी यशस्वी होणार' म्हणत बसू नका आणि यशाची चित्रं डोळ्यांसमोर आणू नका. सापाला भिणाऱ्याच्या हातात सापाचा फोटो देऊन 'रोज बघ, बरं वाटेल' म्हणण्यासारखं आहे ते. कापेस आणि ओटिंगेन यांनी २०११ मध्ये दाखवलं की सगळं मनासारखं झाल्याची दिवास्वप्नं रंगवली की अंगातला जोर उलट कमी होतो. आणि तारखेची जाहीर घोषणाही करू नका. ज्याला बिलाची धास्ती आहे त्याच्या बिलात ती एक ओळ वाढवते, बाकी काही नाही.

मी सांगते ते काम कंटाळवाणं आहे. प्रबंध मान्य झाला, त्याच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ लिहून काढा. समारंभ नको, टाळ्या नकोत, दुसरा दिवस. उठल्यापासून तासागणिक. पहिला फोन कुणाचा येतो? कुणाचा येत नाही? नावाआधी 'डॉक्टर' लागल्यावर कोण काय बोलतं? कोणतं काम आता तुमच्याकडेच येणार? 'प्रबंध चालू आहे' हे सांगून आजवर काय काय टाळता आलं, जे आता येणार नाही? (हा शेवटचा प्रश्न सोडू नका. अर्धवट प्रबंध ही एक उत्तम ढाल असते. लग्नाच्या, नोकरी बदलण्याच्या, मूल होण्याच्या प्रश्नांवर त्याच्याइतकं भक्कम उत्तर नाही.) लिहिताना एका ओळीवर हात थांबेल, पोटात खड्डा पडेल. तिच्याखाली रेघ मारा. बिल तिथे आहे.

मग त्या ओळीला विचारायचं : हे खरं आहे का, आणि असलं तर घेतलंच पाहिजे का? यश गाठोड्यासारखं येतं, पण गाठ सोडता येते. पेरेलमान यांनी तेच केलं. प्रबंध पुरा केला म्हणून विभागप्रमुख व्हावंच लागत नाही, प्रत्येक परिषदेला जावंच लागत नाही. एका बाईंचा व्यवसाय वाढता वाढता एका टप्प्यावर दर वेळी खुंटायचा. दुसऱ्या दिवसाची सकाळ लिहिल्यावर कळलं की त्यांना भीती होती ती माणसं हाताखाली ठेवण्याची. कुणाला कामावरून काढावं लागेल ही कल्पनाच त्यांना सहन होत नव्हती. ते काम त्यांनी भागीदाराकडे दिलं. भीती गेली का? नाही. पण ती वाटेतून बाजूला झाली आणि व्यवसाय पुढे गेला. मला यापेक्षा जास्त नको असतं.

सोबत सवय करायची ती लहान मापाने. कुणी कौतुक केलं तर 'धन्यवाद' म्हणा आणि तोंड बंद ठेवा. पुढचं 'पण' गिळून टाका. पहिले काही दिवस हे हास्यास्पद वाटण्याइतकं अवघड जातं. बारीक कामं मुद्दाम पूर्ण करून हातावेगळी करा, थोडी उणी राहिली तरी. आपलं एखादं लहानसं यश एका माणसाला, सारवासारव न करता सांगा, आणि नंतर येणारी अस्वस्थता ओसरेपर्यंत तिच्यासोबत बसा. ती ओसरते, हे डोक्याला सांगून पटत नाही, अंगाला अनुभवावं लागतं.

पळवाटेसाठी आधीच ठरवून ठेवलेलं एक 'जर–तर' वाक्य कामी येतं. गॉलविट्झर यांनी १९९९ मध्ये या युक्तीवर लिहिलं आणि त्यानंतर तिच्यावर पुष्कळ काम झालं आहे. तुमच्यासाठी : 'फाइल उघडल्यावर दुसरं काम आठवलं, तर ते कागदावर लिहीन आणि आधी चालू परिच्छेद संपवीन.' नुसतं 'यापुढे टाळाटाळ करणार नाही' याला काही अर्थ नाही. कोणत्या क्षणी काय करायचं हे त्यात नाही. आणि सादरीकरणाआधी छाती धडधडली तर स्वतःला शांत करण्याच्या मागे लागू नका. ॲलिसन वुड ब्रूक्स यांच्या २०१४ च्या प्रयोगांत गाणं, भाषण आणि गणित या तिन्हींच्या आधी 'मी उत्सुक आहे' असं स्वतःला सांगणाऱ्यांची कामगिरी सरस ठरली. घाबरलेलं आणि उत्सुक शरीर जवळजवळ सारखंच धडधडतं.

दोन ठिकाणी मात्र माझं हे सगळं बाजूला ठेवा. झोप, भूक आणि रस दोन आठवड्यांहून जास्त हरवले असतील किंवा जगणं नको वाटत असेल, तर प्रबंधाचं नंतर पाहू, आधी मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. आणि ज्या घरात बाईच्या यशावर जोडीदार हात उचलतो किंवा तिचे पैसे, फोन, कागदपत्रं काढून घेतो, तिथली भीती ही शहाणपणाची भीती आहे. तिथे 'सवय करा' हा सल्ला धोक्याचा. आधी सुरक्षित जागा आणि विश्वासाचं माणूस हवं.

आता तुमच्या पत्राकडे परत येते. तुम्ही मार्गदर्शकांबद्दल लिहिलंत, मुलाखतीबद्दल लिहिलंत, घरच्यांबद्दल लिहिलंत. ताई मात्र कंसात आली. तिचाही प्रबंध राहिला, एवढं सांगून कंस बंद. मी तुम्हाला ओळखत नाही, त्यामुळे माझा अंदाज चुकू शकतो. पण ती दुसऱ्या दिवसाची सकाळ लिहायला बसलात की ताईचा फोन येतो का, आणि आला तर ती काय म्हणते, इथे हात थांबतो का ते बघा. थांबला, तर या आठवड्यात सहावं प्रकरण उघडू नका. ताईला भेटा, आणि तिच्या प्रबंधाचा विषय काय होता ते विचारा.